एक माउस, तीन घरं



आपल्यासारख्यांच्या घरात आजकाल माणसं चार आणि संगणक सहा अशी गत असते. ऑफिसनं दिलेला विंडोजचा लॅपटॉप, बायकोचा मॅक, मुलांच्या हातातलं आयपॅड आणि कपाटात पडलेला एखादा म्हातारा लॅपटॉप. त्यात मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती जुन्या यंत्रांत बऱ्याचदा नसते. त्यामुळे अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट चढवलं. आपण चढवलं, भारतातल्या आईवडिलांच्या लॅपटॉपवरही कुणाकडून तरी चढवून घेतलं. म्हणजे आता एकाच घरात तीन-तीन कार्यप्रणाली नांदतायत, आणि टेबलावर बिचारा बिनवायरचा माउस एकच.

मग सुरू होतात प्रश्न. "ऑफिसच्या लॅपटॉपवर नीट चालतो, मॅकवर उलटा फिरतो." "लिनक्सला जोडला की विंडोज त्याला ओळखच दाखवत नाही." "मध्येच अडखळतो." व्यवसायानं मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे इथे रेडिंगच्या आमच्या मराठी मित्रमंडळात कुणाचाही प्रिंटर अडला, वायफाय गेलं की फोन मला येतो. माउसच्या तक्रारी इतक्या वेळा ऐकल्या की एकदाच सगळं नीट लिहून काढावं असं ठरवलं. प्रश्न वरवर किरकोळ आहे, तीन आण्याचा. पण आमच्याच घरात तो किती महागात पडू शकला असता, तेही ओघात सांगतो.

माउस नेमकं काय बोलतो?

आधी थोडी मूळ गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

माउस हा फार कमी बोलणारा प्राणी आहे. मी इतका डावीकडे सरकलो, इतका वर गेलो, माझं हे बटण दाबलंय, चाक एक घर फिरलं. बस्स. हे सांगायची एक ठरलेली भाषा आहे, तिला एचआयडी म्हणतात, म्हणजे ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस. यूएसबी १९९६ साली आलं आणि ही भाषा त्याच्याच घरातली. या भाषेची गंमत अशी की जोडल्याजोडल्या माउस आधी स्वतःचा नकाशाच देतो. माझ्या निरोपात पहिली इतकी जागा बटणांची, पुढची जागा आडव्या हालचालीची, मग उभ्या, मग चाकाची. हा नकाशा वाचता आला की वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, क्रोमओएस, अँड्रॉइड, सगळ्यांना तो वाचता येतो.

म्हणून माउसच्या खोक्यावर "फक्त विंडोजसाठी" असं छापलेलं दिसलं तरी लगेच खाली ठेवू नका. बहुतेक वेळा ते सोबतच्या सॉफ्टवेअरबद्दल असतं. बाण हलणं, दोन बटणं आणि चाक, एवढं कुठेही चालतं. अडतं ते जास्तीच्या बटणांवर, वेगाच्या सेटिंगवर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माउस संगणकापर्यंत कसा पोचतो यावर.

पोचायचे रस्ते दोन. एक डाँगल आणि दुसरा ब्लूटूथ.

डाँगल : गरीब पण गुणी

डाँगल म्हणजे ते नखाएवढं यूएसबीचं बोंडूक. माउस आणि डाँगल आपापसात २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर बोलतात, आणि ते बोलणं कंपनीच्या खाजगी पद्धतीनं चालतं. पण कार्यप्रणालीला ते कळतच नाही. डाँगल संगणकाला सरळ सांगतो, की मी एक साधा वायरचा माउस आहे. संगणक त्यावर विश्वास ठेवतो आणि विषय संपतो. या दोघांचं लग्न लागलेलं असतं ते डाँगलच्या आत. संगणक फक्त मांडव.

त्यामुळे डाँगल विंडोजमधून काढून मॅकला लावा, तिथून लिनक्सला लावा, काही फरक पडत नाही. एकाच लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली असतील तरी दोन्हीकडे चालतो. इतकंच काय, संगणक सुरू होताना जो बायोसचा पडदा येतो, तिथेही बहुतेकदा चालतो, कारण एचआयडीमध्ये बायोसला समजेल अशी एक सोपी बोलीही ठेवलेली आहे. कार्यप्रणाली अजून उठलेलीच नसल्यामुळे ब्लूटूथचा माउस तिथे सहसा मुका असतो.

तोटे दोन. एक यूएसबीचं भोक अडतं, आणि आजकालच्या बारीक लॅपटॉपांना जुन्या आकाराचं भोकच नसतं, मग अडॅप्टर आला. दुसरं म्हणजे डाँगल हरवला की साधा माउस कामातून गेला. काही कंपन्यांनी यावर उपाय काढला. लॉजिटेकचा युनिफाइंग डाँगल २००९ साली आला, त्या एकाला सहा वस्तू जोडता येतात आणि हरवला तर दुसरा आणून पुन्हा जोडता येतो. २०२१ साली त्यांनीच बोल्ट नावाचा नवा डाँगल आणला. मात्र बोल्टचा माउस युनिफाइंगच्या डाँगलला जुळत नाही, खरेदी करताना खूण बघून घ्या. लिनक्सवर कंपनीचं सॉफ्टवेअर नाही, पण सोलार नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यातून जोडणी, बॅटरीची पातळी, बटणं वगैरे सगळं दिसतं.

ब्लूटूथ : किल्लीचा घोळ

ब्लूटूथला डाँगल लागत नाही, रेडिओ लॅपटॉपमध्येच असतो. पण इथे लग्न लागतं ते माउस आणि कार्यप्रणालीचं. जोडणी करताना, म्हणजे पेअरिंगच्या वेळी, दोघं मिळून १२८ बिटांची एक गुप्त किल्ली ठरवतात. एक प्रत माउसकडे, एक संगणकाकडे. पुढच्या वेळी भेटले की आधी किल्ली जुळवायची, मगच बोलायचं.

आता ज्यांच्या एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे, त्यांचा घोळ बघा. लॅपटॉपमधली ब्लूटूथची चिप एकच, तिचा पत्ताही एकच. तुम्ही विंडोजमध्ये माउस जोडलात, किल्ली क्रमांक एक ठरली. मग लिनक्समध्ये जाऊन जोडलात, किल्ली क्रमांक दोन ठरली. माउसच्या दृष्टीनं पत्ता तोच, म्हणजे माणूस तोच, त्याची किल्ली बदलली. जुनी किल्ली तो टाकून देतो. परत विंडोजमध्ये गेलात की विंडोज जुनीच किल्ली दाखवतं आणि माउस दार उघडत नाही. तुम्ही तिथे पुन्हा जोडता, मग लिनक्स रुसतं. दोघांपैकी कुणाचीच चूक नाही. एका घराला दोन भाडेकरू आणि दोघंही दर वेळी कुलूप बदलतायत, असा प्रकार आहे.

यावर तीन उपाय आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत.

पहिला : माउसच्या पोटाशी १, २, ३ असे कप्पे बदलायचं बटण आहे का बघा. असेल तर कप्पा १ मध्ये विंडोज जोडा आणि कप्पा २ मध्ये लिनक्स. माउस प्रत्येक कप्प्याची किल्ली वेगळी ठेवतो. असे बरेच माउस कप्पा बदलताना स्वतःचा पत्ताही बदलतात, त्यामुळे घोळ होत नाही. कार्यप्रणाली बदलली की बटण दाबायचं, झालं.

दुसरा : डाँगल वापरा. अनेक माउसना डाँगल आणि ब्लूटूथ दोन्ही चालतं.

तिसरा : दोन्ही कार्यप्रणालींना एकच किल्ली द्या. आधी लिनक्समध्ये जोडा, नंतर विंडोजमध्ये जोडा, म्हणजे माउसकडे विंडोजची किल्ली शेवटची राहते. मग ती विंडोजमधून काढून लिनक्समध्ये ठेवायची. विंडोजमध्ये ती रजिस्ट्रीत बीटीएचपोर्ट नावाच्या सेवेखाली, पॅरामीटर्स आणि मग कीज या कप्प्यात असते. साध्या अॅडमिनलाही हा कप्पा रिकामा दिसतो, तो सिस्टिम खात्याच्या अधिकारातच उघडावा लागतो. पीएसएक्झेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच साधन त्यासाठी वापरतात. लिनक्समध्ये व्हार, त्यात लिब, त्यात ब्लूटूथ, अशा फोल्डरात चिपच्या पत्त्याचं एक आणि त्याच्या आत माउसच्या पत्त्याचं दुसरं फोल्डर असतं. तिथल्या इन्फो नावाच्या फाइलमध्ये किल्ली बदलायची आणि ब्लूटूथची सेवा पुन्हा सुरू करायची. नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या माउसमध्ये एका किल्लीनं भागत नाही, तिच्यासोबतचे दोन-तीन आकडेही न्यावे लागतात. काही माउसचा पत्ता प्रत्येक जोडणीला थोडा बदलतो, मग लिनक्समधल्या फोल्डरचं नावही बदलावं लागतं. इन्फो फाइलची प्रत आधी बाजूला ठेवायला विसरू नका. आणि हा उद्योग ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नये, हे सांगायला नकोच.

बाण अडखळतो तेव्हा

आता ती आमच्या घरातली गोष्ट.

माझे बाबा साताऱ्याला असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ७६. सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सचे सगळे हिशेब गेली अकरा वर्षं तेच लॅपटॉपवर ठेवतात, आणि एक पैसा इकडचा तिकडे झाला तर रात्री झोप लागत नाही अशातला माणूस. हाताला थोडी थरथर आहे, डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलंय की घाबरण्यासारखं काही नाही. पण त्यामुळे लॅपटॉपची सपाट पट्टी त्यांना जमत नाही. माउस म्हणजे त्यांचा खरा हात. हाताच्या पूर्ण पंजाला आधार मिळतो, थरथर कमी जाणवते.

विंडोज १० बंद होणार म्हणून तिथल्याच एका दुरुस्तीवाल्या मुलानं त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट चढवून दिलं. काम स्वच्छ केलं, जुने फोटो आणि फाइली एका बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवल्या आणि ती डिस्क तशीच जोडून ठेवली, म्हणजे काकांना सगळं हाताशी. त्यानंतर महिनाभरानं आई फोनवर हळूच म्हणाली, "अरे, ह्यांनी सोसायटीत सांगून टाकलंय, यंदा दुसरा खजिनदार बघा म्हणून."

मी बाबांना विचारलं तर आधी टाळाटाळ. मग म्हणाले, "हात वाढलाय रे. बाण धरून ठेवता येत नाही. उड्या मारतो. एका रकान्यात आकडा टाकायला जावं तर भलत्याच रकान्यात पडतो. उद्या हिशेबात चूक झाली तर लोक काय म्हणतील?"

रविवार होता. आमच्याकडे दुपारचे तीन, तिकडे रात्रीचे साडेआठ. व्हिडिओवर फोन टेबलाशी टेकवून ठेवायला सांगितला. खरोखरच बाण नीट सरकत नव्हता. थांबायचा, मग एकदम दोन बोटं पुढे जायचा. बाबा कसनुसं हसत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा. आई, तू फिरव बघू."

आईचा हात अजून इतका स्थिर आहे की सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. तिनं माउस फिरवला. बाण तसाच अडखळला, तश्शाच उड्या मारल्या.

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

हात निर्दोष ठरला, आता खरा गुन्हेगार शोधायचा. आधी बॅटरी बदलली, फरक नाही. टेबलावर काच आहे, खाली नातवंडांचे फोटो. प्रकाशावर चालणारे माउस पारदर्शक काचेवर गडबडतात, म्हणून कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून माउसखाली घेतलं. थोडा फरक, पण अडखळणं चालूच. लिनक्सवर संशय घ्यावा तर सपाट पट्टीवरून बाण व्यवस्थित फिरत होता. मग विचारलं, डाँगल कुठे लावलाय? आईनं फोन तिकडे फिरवला. निळ्या जिभेच्या दोन भोकांत शेजारी शेजारी डाँगल आणि ती हार्डडिस्क.

"डिस्क नीट बंद करून काढा."

काढली. आणि बाण लोण्यावरून सरकावा तसा सरकला.

यामागचं कारण माहीत असणं फार उपयोगी आहे. निळी जीभ म्हणजे बहुधा यूएसबी ३. त्यातून सेकंदाला ५ अब्ज बिटांच्या वेगानं माहिती धावते, आणि त्या धावपळीत जो विजेचा गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. बिनवायरचा माउस तिथेच बोलत असतो. इंटेलनं २०१२ साली यावर एक सविस्तर टिपणच प्रसिद्ध केलं होतं. डिस्कची केबल किंवा आवरण स्वस्तातलं असेल तर गोंगाट आणखी. भर बाजारात बँडवाल्याच्या शेजारी उभं राहून कुणाशी कुजबुजावं, तसं त्या डाँगलचं झालं होतं. माउसचे निम्मे निरोप पोचतच नव्हते, मग बाण उड्या मारणार नाही तर काय?

उपाय शंभर-दोनशे रुपयांचा. यूएसबी २ ची हातभर लांब वाढीव वायर आणायची, डाँगल तिच्या टोकाला लावून माउसजवळ ठेवायचा. दुसऱ्या बाजूला भोक असेल तर डिस्क तिकडे. काळ्या किंवा पांढऱ्या जिभेचं भोक असेल तर डाँगल त्यात. ब्लूटूथही याच पट्ट्यात बोलतं, तेव्हा त्यालाही हाच त्रास होऊ शकतो. घरातलं वायफाय २.४ वर असेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर नेलं की गर्दी आणखी कमी होते. मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धा याच लहरींवर चालते, स्वैपाकघराच्या भिंतीला टेकून टेबल असेल तर तेही लक्षात ठेवा.

बाबांच्या लॅपटॉपवर त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी केल्या. बाणाचा वेग कमी केला आणि प्रवेग बंद केला, म्हणजे हाताच्या छोट्या झटक्याला बाण मोठी उडी मारत नाही. दोन क्लिकमधला चालणारा अवकाश वाढवला. विंडोजवर हात थरथरणाऱ्यांसाठी स्टेडीमाउस नावाचा खास प्रोग्रॅमही मिळतो, कुणाच्या घरी गरज असेल तर बघावा. मार्चअखेरचा हिशेब बाबांनीच केला. खजिनदार अजून तेच आहेत.

मला राहून राहून वाटतं, अशी किती म्हातारी माणसं यंत्राचा दोष स्वतःच्या वयावर घेऊन गप्प बसत असतील? आपण सात समुद्रापलीकडे. ती आपल्याला फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच सांगतात.

चालतो, पण हात वेगळा लागतो

माउस जोडला गेला तरी प्रत्येक घरची रीत वेगळी, तेवढी जुळवून घ्यावी लागते.

चाकाची दिशा : अॅपलनं २०११ साली लायनपासून स्क्रोलची दिशा उलटी केली आणि तिला "नैसर्गिक" म्हटलं. सपाट पट्टीवर बोटानं कागद ढकलल्यासारखं ते बरं वाटतं, पण चाकाच्या माउसवर विंडोजवाल्याचं डोकं फिरतं. मॅकवर माउसची दिशा बदलली की पट्टीचीही बदलते, हीच खरी अडचण. स्क्रोल रिव्हर्सर किंवा लिनिअरमाउस हे छोटे मोफत प्रोग्रॅम दोघांची दिशा वेगळी ठेवतात. लिनक्समध्ये माउस आणि पट्टीची सेटिंगं मुळातच वेगळी असतात.

बाणाचा वेग : तिन्ही प्रणालींचं प्रवेगाचं गणित वेगवेगळं आहे. माउस तोच, टेबल तेच, तरी मॅकवर "जड" आणि विंडोजवर "चपळ" वाटतो तो यामुळे. तिन्हीकडे सारखा हवा असेल तर प्रवेगच बंद करावा. विंडोजमध्ये माउसच्या जुन्या सेटिंगमधली पॉइंटर प्रिसिजन वाढवण्याची खूण काढायची, लिनक्समध्ये फ्लॅट निवडायचं, आणि मॅकओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत माउसच्या प्रगत सेटिंगमध्ये पॉइंटर अॅक्सेलरेशनची कळ आहे. दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल, मग हात बसतो.

बाजूची बटणं : अंगठ्याजवळची मागे-पुढे जाणारी बटणं विंडोज आणि लिनक्समध्ये ब्राउझरला आपोआप समजतात. मॅकवर अनेक ठिकाणी ती नुसती शोभेची राहतात. मॅक माउस फिक्ससारखा प्रोग्रॅम किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं की कामाला लागतात. काही महागड्या माउसमध्ये सेटिंग माउसच्याच स्मृतीत साठवता येतं. तशी सोय असेल तर एकदा विंडोजवर बसवून घ्या, मग तो कुठेही गेला तरी सवय सोबत नेतो.

आयपॅडलाही माउस चालतो बरं का. २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये त्याची सोय झाली आणि मार्च २०२० मध्ये १३.४ बरोबर नीट बाण आला.

तीन संगणकांवर एकच माउस

घरून काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. टेबलावर दोन-तीन यंत्रं आणि माउसही तितकेच, मग चहाचा कप ठेवायला जागा नाही.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे वर सांगितलेला कप्पे बदलणारा माउस. दुसरा म्हणजे यूएसबीचा स्विच, ज्यात डाँगल लावायचा आणि एक बटण दाबून तो या संगणकाकडून त्या संगणकाकडे द्यायचा. काही टाकावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. डाँगलचा "मी वायरचा माउस" हा बहाणा इथे फार कामाला येतो.

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. बाण एका पडद्याच्या कडेला नेला की शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर उतरतो. मॅक आणि आयपॅड असेल तर २०२२ मध्ये आलेलं युनिव्हर्सल कंट्रोल आयतंच आहे. सगळीकडे विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माउस विदाउट बॉर्डर्स घ्या, ते चार संगणकांपर्यंत चालतं. तिन्ही जातींचं मिश्र कुटुंब असेल तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप. हे मोफत आहेत आणि सिनर्जी नावाच्या जुन्या प्रोग्रॅमच्या वंशातले आहेत. लिनक्सवर वेलँड असेल तर ग्नोम किंवा केडीईची बऱ्यापैकी नवी आवृत्ती लागते.

पण एक लक्षात ठेवा. असा प्रोग्रॅम तुमची प्रत्येक कळ नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो परवानगीशिवाय टाकणं म्हणजे नोकरीशी खेळ, आणि आपल्यापैकी ज्यांचा व्हिसाच नोकरीला बांधलेला आहे त्यांनी तर तिकडे बघूही नये. तिथे आपला स्विच बरा.

थोडं सुरक्षेचं

माउसमध्ये चोरण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. २०१६ साली बॅस्टिल नावाच्या सुरक्षा कंपनीनं माउसजॅक या नावानं एक प्रकार उघड केला. अनेक कंपन्यांच्या डाँगलमध्ये कीबोर्डचं बोलणं गुप्त असायचं, पण माउसचं उघडं. त्याचा फायदा घेऊन दूर बसलेला माणूस स्वस्तातल्या रेडिओनं माउसचं सोंग घेऊन डाँगलला कळा दाबल्याचे निरोप पाठवू शकत होता. म्हणजे तुमच्या संगणकावर जणू तुम्हीच टाइप करताय. ब्लूटूथचे माउस यात नव्हते.

नंतर काही कंपन्यांनी डाँगलसाठी दुरुस्ती दिली, पण बऱ्याच स्वस्त डाँगलमध्ये आतला प्रोग्रॅम बदलताच येत नाही. म्हणून २०१६ च्या आधीचा डाँगल वापरत असाल तर कंपनीच्या पानावर अपडेट शोधा. लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी हे काम युनिफाइंगसारख्या डाँगलसाठी घरबसल्या करतं. अपडेट नसेल तर तो माउस घरी ठेवा, विमानतळावर आणि कॉफीच्या दुकानात दुसरा वापरा. आणि उठताना पडदा बंद करायची सवय तर हवीच.

थोडक्यात

घरात एकच यंत्र आणि एकच प्रणाली असेल तर ब्लूटूथ घ्या, भोक वाचेल.

एकाच लॅपटॉपवर दोन प्रणाली असतील तर डाँगल, नाहीतर कप्पेवाला माउस.

आईवडिलांसाठी घेत असाल तर डोळे मिटून डाँगलवाला घ्या. फोनवरून "आता ब्लूटूथ चालू करा, मग यादीत नाव शोधा" हे सांगत बसण्यापेक्षा "ते बोंडूक भोकात घाला" हे कितीतरी सोपं. सोबत यूएसबी २ ची वाढीव वायर आणि बॅटरीचा जोड द्यायला विसरू नका. ज्यात बाजारात सहज मिळणारी एए बॅटरी जाते असा बघा, म्हणजे चार्जिंगची भानगड नाही.

माउस अडला तर याच क्रमानं बघा : बॅटरी, माउसखालचा पृष्ठभाग, डाँगलच्या शेजारी काय आहे, दुसऱ्या यंत्रावर चालतो का, आणि सगळ्यात शेवटी कार्यप्रणाली. लोक नेमकं उलटं करतात, आधी कार्यप्रणालीच पुन्हा चढवायला घेतात.

आणि पुढच्या वेळी भारतात फोन कराल तेव्हा "तब्येत कशी आहे" च्या जोडीला "लॅपटॉप नीट चालतोय ना, बाण अडखळत नाही ना" हेही विचारा. अडखळत असेल तर आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात माउस देऊन बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

कुणाला किल्ली नकलण्याच्या प्रकारात अडचण आली तर जरूर लिहा, शनिवार-रविवारी सवडीनं उत्तर देईन.